कोरडा रुमाल

लिफ्टमध्ये आम्ही सात जण होतो आणि घाम फक्त मला आला होता. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी खिशातून इस्त्रीची घडी न मोडलेला पांढरा रुमाल काढला, सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घ्या. वापरलेला नाहीये. थंड प्रदेशातून राहायला आलात ना? कळतंच." तिसऱ्या मजल्यावर उतरणाऱ्या बाई जाता जाता माझ्या कपाळाकडे एकदा नीट बघून गेल्या. मी रुमाल घेतला, कपाळ पुसलं, वर "थँक्यू"ही म्हणालो. याला चार दिवस झाले. ते थँक्यू अजून घशात अडकलंय.

चार दिवस खपून मी उत्तर तयार केलं. ते असं: काका, घाम पुसायचा नसतो. घाम गारवा देतो तो वाळताना. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जाताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून टपकला किंवा रुमालात गेला, तर पाणी आणि मीठ फुकट. म्हणजे तुम्ही मला रुमाल दिला नाहीत, माझा चालू कूलर बंद केलात. शिवाय थंड हवेतल्या माणसाला उकाडा अंगवळणी पडायला सात ते चौदा दिवस लागतात, आणि त्या दिवसांत घाम कमी होत नाही, वाढतो. लवकर सुटतो, जास्त येतो, कमी खारट येतो. तेव्हा त्या लिफ्टमध्ये माझं कपाळ म्हणजे माझं प्रगतिपुस्तक होतं. (हा अभ्यास दिवसभर एसीत बसून होत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. रोज तासभर तरी उकाड्यात थोडी हालचाल लागते. आणि तीन-चार आठवडे थंडीत काढून आलं की बरीचशी पाटी पुन्हा कोरी.)

उत्तर झकास होतं. ते तोंडावर मारण्याआधी आणखी थोडं वाचलं आणि तिथेच घात झाला. जन्मभर दमट उकाड्यात राहिलेल्यांचं शरीर म्हणे घामात काटकसर करायला शिकतं. टपकून वाया जाणार असेल तर तेवढा काढतच नाही. म्हणजे काकांचं कोरडं कपाळ ही त्यांची कमाई होती. उत्तर मागे घेतलं, राग तेवढा ठेवला.

मुळात जागा निवडतानाच मी फसलो होतो. थंडीला कंटाळलेला माणूस उबदार प्रदेश शोधायला बसला की एकच आकडा बघतो: पारा किती चढतो. माझ्यापुढे दोन जागा होत्या. एकीकडे उन्हाळी दुपारी 42 अंश, दुसरीकडे 34. मी चौतीस निवडले आणि पुढचे दोन महिने स्वतःला हुशार समजत होतो. शेजारच्या रकान्यात आर्द्रता लिहिली होती: बेचाळीसच्या जागी 15 टक्के, चौतीसच्या जागी 60. तो रकाना मला जाहिरातीसारखा वाटला, डोळा वरून घसरला.

त्या रकान्यातून दवबिंदू निघतो. हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला हवा कितीपर्यंत थंड व्हावी लागेल, तो आकडा. बेचाळीसवाल्या जागेचा येतो सुमारे 10, चौतीसवाल्याचा 25. दवबिंदू चोविसाच्या वर गेला की अंग चिकचिकतं, कारण हवाच ओली, घाम वाळणार कुठे? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरलं, तर पहिल्या जागी पारा जवळजवळ 22 पर्यंत उतरेल आणि दुसऱ्या जागी साडेसत्तावीसपाशी अडून बसेल. पाण्याचा कूलर कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या याच फरकावर चालतो. चांगल्या पॅडचा कूलर त्यातला ऐंशी टक्के फरक पकडतो, म्हणजे बेचाळीसची हवा सव्वीसवर आणतो. चौतीसची हवा तो एकोणतीसपर्यंत आणेल, पण इतकी ओली करून की कपाटातल्या पुस्तकांना बुरशी. जुन्या घरचा कूलर मी ट्रकमधून सोबत आणला होता. सध्या त्यावर फोनचा चार्जर ठेवतो.

आणि रात्र. दवबिंदू पंचवीस असेल तर पहाटेचा पाराही त्याच्या खाली सहसा जात नाही. दिवसाचा उकाडा शरीर सोसतं ते रात्री सुटका होईल या आशेवर. म्हणून जागा बघताना सर्वांत कडक महिन्याचं किमान तापमान आधी बघावं, कमाल नंतर. त्यातही ते आकडे मोजले जातात स्टीव्हन्सन पेटीत. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनिअरने केलेली ही पेटी: पांढरी, चारी बाजूंनी झडपा, चार पायांवर उभी, मोकळ्या जागेत, आत कायम सावली आणि खेळती हवा. मी त्या पेटीत राहत नाही. मी पाचव्या मजल्यावर, सिमेंटमध्ये, पश्चिमेला तोंड करून राहतो.

पश्चिमेचा शोध मला काकांनी लावून दिला. रुमाल प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी रात्री दहाला ते दारात उभे. एका हातात वही, दुसऱ्यात टॉर्चसारखं काहीतरी.

"झोपायची खोली कुठली?"

मी दाखवली. असं ठामपणे विचारलं की माणूस दाखवतो, का ते सांगता येत नाही.

काकांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, पलंगाच्या उशाशी असलेल्या भिंतीला हाताची मागची बाजू लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"ताप आहे."

"कुणाला?"

"भिंतीला. लावा हात. असा नाही, उलटा. पोराचा ताप बघतो तसा. आता या समोरच्या भिंतीला. फरक?"

"आहे की."

"किती?"

"बराच वाटतोय."

"वाटतोय नको. आकडा." आणि त्यांनी ती टॉर्चसारखी वस्तू भिंतीवर रोखली. लाल ठिपका उमटला. "36.8. समोरची 32.1." दोन्ही वहीत गेले. "नऊ इंची वीट आहे. दुपारी तीन ते पाच ऊन पिते. ते ऊन आतल्या अंगाला पोचायला सहा ते आठ तास. तीनमध्ये सात मिळवा."

"दहा."

"आत्ता किती वाजलेत?"

मी घड्याळाकडे बघितलं. ते बघतायत हे बघून उत्तर दिलं नाही.

"म्हणजे बाहेर हवा निवते तेव्हा ही तापते. आणि तुम्ही नेमकं तिलाच डोकं लावून झोपता. पडदे?"

"आहेत. जाड आहेत."

"आतून?"

"आतून."

त्यांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं म्हणून मी मान लांब केली. 'पडदे: आतून', आणि त्याखाली रेघ. "ऊन एकदा काचेतून आत आलं की आलं. नंतर पडदा लावणं म्हणजे चोर घरात आल्यावर कडी लावणं. सावली बाहेरून पाहिजे. चटई चालेल, झडपा चालतील, कापडी छत चालेल. भिंतीपासून वीतभर सुटं ठेवायचं, मधून वारा गेला पाहिजे." मग अंमळ थांबून, "घर घेताना कोणी काही बोललं नाही?"

"सनसेट व्ह्यू म्हणाले होते."

इतक्या दिवसांत काकांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसत हसत पलंगावर बसले, पाठ भिंतीला टेकवली, आणि चटका बसल्यासारखे उठले.

हसू मला आलं नाही. कारण सनसेट व्ह्यूसाठी माझ्याकडून जास्त पैसे घेतले होते. उबदार प्रदेशात पश्चिमेची खिडकी ही उणी बाजू आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो घर सकाळी अकराला दाखवतो. अकराला पश्चिमेची खोली गार गुहेसारखी लागते. घर बघायचं तर कडक महिन्यात, एकदा दुपारी चारला आणि एकदा रात्री दहाला. वरचा मजला असेल तर स्लॅबलाही खालून हात लावायचा. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा थर आहे का ते बघायचं. "रात्री दाखवत नाही" म्हणाले की समजायचं. मला हे सगळं आता कळतं.

दुसरी भानगड दाराची. वारा खेळायला दोन तोंडं लागतात, एक आत यायला, एक बाहेर जायला. माझ्या सगळ्या खिडक्या एकाच बाजूला. दुसरं तोंड म्हणजे घराचा मुख्य दरवाजा. बाहेरचं जाळीचं दार लावून आतलं सताड उघडं ठेवलं, तर वारा येतो. आणि काका. थंड प्रदेशात दारं-खिडक्या मिटलेल्या असतात, तिथे दहा वर्षं राहून शेजाऱ्याचं आडनाव फक्त पाटीवरून माहीत असतं, आणि आपण त्याला सभ्यपणा म्हणतो. इथे लोक प्रेमळ आहेत की भोचक, हा स्वभावाचा प्रश्न मला उरलेला नाही, हा खिडक्यांच्या रचनेचा प्रश्न आहे. आठवडाभरात मला वरच्या मजल्यावरच्या नवऱ्याची घोरण्याची लय, खालच्या मुलाची पाढ्यांतली ठरलेली चूक (सतरा सत्ते) आणि डावीकडच्या घरातला एक जुना वाटणीचा वाद पाठ झालाय. त्यांना माझं काय पाठ झालं असेल, याचा विचार मी करत नाही.

डावीकडच्या घराचा विषय निघालाच आहे तर. गारवा कुठे तयार होत नाही, उष्णता फक्त इकडून तिकडे ढकलली जाते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना खोलीतून पाचेक किलोवॅट उष्णता उपसतो, कॉम्प्रेसरची दीडेक त्यात पडते, आणि ही सगळी वरात आउटडोअरमधून बाहेर निघते. (टन हे वजन बर्फाचं: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी. मी बरेच दिवस समजत होतो की ते यंत्राचं वजन.) डावीकडच्यांचा आउटडोअर माझ्या खिडकीपासून दोन हातांवर, तोंड माझ्याकडे. माझ्या झोपायच्या खोलीत रात्रभर त्यांच्या झोपायच्या खोलीची ऊब येते. वर त्यांनी छोट्या खोलीला मोठा एसी बसवलाय. तो पाच मिनिटांत खोली गार करतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. हवेतली ओल काढायला त्याला सलग चालावं लागतं, ते होत नाही, म्हणून त्यांची खोली गार आणि ओलसर, माझी गरम आणि ओलसर. सुखी कोणीच नाही. दोन लोखंडी अँगल फिरवून त्याचं तोंड मोकळ्या बाजूला करता येईल, अर्ध्या तासाचं काम, आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत येणारी गरम हवा थांबली की त्यांचंही वीजबिल उतरेल, हे मी जाऊन सांगितलं. "मग तुम्ही खिडकी बंद ठेवा ना," असं उत्तर मिळालं. हसत मिळालं. त्यांच्या ड्रेन पाइपला उतार नाही, शेवाळ धरून तो तुंबणार आहे आणि सगळं पाणी त्यांच्याच कपाटावर उतरणार आहे. हे मात्र मी सांगितलेलं नाही.

अशा वेळी मनात येतं, जावं कुठेतरी जिथे शेजारी नसतील. मग 1995 सालचं शिकागो आठवतं. त्या जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 739 माणसं जास्त मेली, बरीचशी म्हातारी आणि एकटी. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. ऊन सारखंच, गरीब आणि एकट्या म्हाताऱ्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे 40 गेले, साउथ लॉनडेलमध्ये 4. दुसऱ्या वस्तीत फुटपाथवर वर्दळ होती, दुकानं उघडी होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि कोण दिसलं नाही हे कोणाच्या तरी लक्षात येत होतं. पहिलीत पडकी घरं, ओसाड प्लॉट आणि आतून लावलेल्या कड्या.

म्हणजे नव्या जागी दवबिंदूसोबत हेही बघायचं: संध्याकाळी सातला जिन्यात, फाटकापाशी कोणी टेकलेलं दिसतं का? दारातलं वर्तमानपत्र दुपारपर्यंत तसंच पडलं तर बेल वाजवणारं कोण आहे? माझ्या मजल्यावर त्याचं उत्तर आहे आणि ते वही घेऊन येतं. मला ते आवडतं असं मी म्हणालेलो नाही.

रुमाल मी धुतला. काल दुपारी वाळत घातला, आज संध्याकाळपर्यंत वाळला नाही. तसाच दमट, घडी घालून परत करायला गेलो. काकांनी तो गालाला लावून पाहिला, काही न बोलता नळाखाली पुरता भिजवला, खिळ्यावरचा थर्मामीटर काढून त्याच्या टोकाला गुंडाळला आणि मला म्हणाले, "पंखा पाचवर करा." आम्ही दोघं पाच मिनिटं त्या काचेच्या नळीकडे बघत उभे राहिलो.

"कोरडं तीस, ओलं साडेसव्वीस. साडेतीनचाच फरक. वाळणार कसा?" वहीत नोंद झाली.

यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "काका, खरं तर घाम पुसायचा नसतो. वाळू द्यायचा असतो."

"बरोबर आहे," काका वहीतून मान वर न करता म्हणाले. "पुसायला कोणी दिला होता? घरी जाऊन ओला करायचा, मानेवर ठेवून पंख्याखाली बसायचं. तुम्ही तिथंच खसाखसा पुसायला लागलात. सहा माणसांसमोर मी काय बोलणार?"