जर्मनीतल्या पाळणाघरांबद्दल एक खुलासा

‘जर्मनीत मूल वर्षाचं झालं की सरकार घराजवळच्या किंडरगार्टनमध्ये फुकट जागा देतं,’ असा मजकूर तिकडे निघालेल्या मराठी कुटुंबांमध्ये फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यावर विसंबून नोकरीची तारीख ठरवणं महागात पडू शकतं.

१ ऑगस्ट २०१३ पासून पहिला वाढदिवस झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, हे खरं. कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय कुटुंबांनाही तो मिळतो. पण ही जागा किंडरगार्टनमधलीच असेल असं नाही. तीन वर्षांखालची मुलं सहसा ‘क्रिपं’मध्ये, म्हणजे अगदी लहानग्यांच्या पाळणाघरात, जातात किंवा ‘टागेसमुटर’कडे, म्हणजे परवाना घेऊन मोजकी मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे. किंडरगार्टन साधारण तीन ते सहा वयाचं. ‘किटा’ हे या संस्थांचं सर्वसाधारण नाव.

फुकटचं म्हणाल, तर ते राज्यावर आणि गावावर ठरतं. बर्लिनमध्ये २०१८ पासून शुल्क नाही, जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतात. हांबुर्गमध्ये दिवसाचे पाच तास मोफत. इतरत्र अनेक ठिकाणी उत्पन्नानुसार शुल्क असतं.

हक्क असूनही जागा अपुऱ्या आहेत, म्हणून कृपया गरोदरपणातच चौकशी सुरू करा. जागा न मिळाल्याने बुडालेल्या पगाराची भरपाई पालक मागू शकतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे मूल रुळेपर्यंत आई किंवा बाबांना सोबत बसावं लागतं. तेवढी रजा हाताशी ठेवाच.