ॲलिसन यांनी प्रतिकारशक्ती 'वाढवली' नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलंय ते असं: अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं, कारण प्रतिकारशक्ती वाढवली की कॅन्सर आपोआप जातो हे त्यांनी सिद्ध केलं. म्हणून केमो घेऊ नका, गुळवेल-हळदीचा काढा घ्या, त्याचे दुष्परिणामही नाहीत. औषध कंपन्यांनी हे दडवून ठेवलंय.

नोबेलची बातमी खरी आहे. जपानच्या तासुकु होंजो यांच्यासोबत ते विभागून मिळालं. बाकीचं मात्र एकेक करून खोडावं लागेल.

सगळ्यात मोठी गफलत 'वाढवली' या शब्दात आहे. आपल्या टी पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, सीटीएलए-४ नावाचं प्रथिन असतं. ते या पेशींना चेतवतं, असं एकेकाळी अनेकांना वाटत होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ॲलिसन आणि त्यांचा विद्यार्थी मॅथ्यू क्रमेल यांना नेमकं उलट दिसलं: तो ब्रेक होता. दुसऱ्या एका गटालाही स्वतंत्रपणे तेच आढळलं. मग ॲलिसन यांनी विचारलं, हा ब्रेकच अडवला तर? गाठी असलेल्या उंदरांना ब्रेक अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) टोचलं आणि गाठी विरल्या. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. १९९४ च्या नाताळात प्रयोग पुन्हा लावला, सहकारी सुट्टीवर गेला, म्हणून गाठी मोजायला ते स्वतः बसले. कोणत्या पिंजऱ्यात औषध दिलंय हे त्यांना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. आधी सगळ्याच गाठी वाढत गेल्या, त्यांचा धीर सुटत चालला. मग काही पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या आणि आक्रसू लागल्या.

यात वाढवण्याचा प्रश्न येतोच कुठे? टी पेशी होत्याच. त्यांना रोखणारी एक ठरावीक कळ, तिलाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने बंद केली. गुळवेलीचा या कामाशी संबंध नाही.

दुष्परिणाम नाहीत, हेही खोटं. ब्रेक सुटलेल्या टी पेशी आतडी, यकृत, पिट्युटरी ग्रंथी यांच्यावरही तुटून पडू शकतात. काहींना जुलाब इतके होतात की रुग्णाला दाखल करून स्टेरॉइड द्यावी लागतात. काढाही निर्धोक नाही. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती.

आणि 'आपोआप जातो'? माणसांमध्ये हाच ब्रेक अडवणारं प्रतिपिंड म्हणजे इपिलिम्युमॅब हे औषध. त्याची २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी पसरलेल्या मेलेनोमावर, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरवर, होती. निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ (मध्यक) ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. पुढे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा तीन वर्षांनी पाचातला साधारण एक रुग्ण हयात होता. ज्या आजारात बहुतेक लोक वर्षभरही काढत नसत, त्यात हे फार मोठं आहे. पण बाकीच्या चौघांचं काय, ते मेसेज सांगत नाही.

केमोबद्दलच्या ओळीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो. माझ्या एका मावशीने काखेतली गाठ चार महिने कोणाला दाखवली नाही, काढा घेत राहिली. बायोप्सी झाली तोवर आजार पसरला होता. स्वतः ॲलिसन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. आपल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरवर केलेली चाचणी पाहा. होंजो यांच्या शोधातून आलेलं, टी पेशींचा दुसरा एक ब्रेक अडवणारं निव्होल्युमॅब त्यांनी केमोऐवजी दिलं नाही, मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आणि इतर गोळ्यांच्या जोडीला दिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

दडवल्याचा आरोप तर टिकतच नाही. उंदरांवरचा प्रयोग १९९६ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आला. उलट औषध बनवायला कंपनी तयार व्हावी म्हणून ॲलिसन यांना दारोदार फिरावं लागलं. २०११ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाल्यापासून इपिलिम्युमॅब उघडपणे विकलं जातं आहे.

कंपन्यांवर रागवायचंच असेल तर किमतीवरून रागवा. निव्होल्युमॅबची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. ती बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून टाटाच्या त्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं होतं.