‘प्रकाशासाठी थांबायचे कशाला?’ : पानगळीच्या छायाचित्रणावरील एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे आणि तिच्यातील नाराजी निराधार नाही, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून विषय मिटवणे मला योग्य वाटले नाही. पानगळीचे रंग टिपताना नैसर्गिक प्रकाश कसा वापरावा, या माझ्या लेखावर आपण घेतलेले आक्षेप थोडक्यात असे आहेत. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद) आणि संपादनाची आजची साधने हाताशी असताना विशिष्ट प्रकाशासाठी थांबणे हा फिल्मच्या काळातला सोवळेपणा आहे. गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा सोनेरी प्रकाशाचा काळ) सोडून ढगाळ दिवसाची आणि भर दुपारच्या बॅकलाइटची (विषयाच्या मागून येणाऱ्या प्रकाशाची) शिफारस करणे ही नवख्यांची दिशाभूल आहे. आणि नैसर्गिक प्रकाशाचा आग्रह धरणाऱ्याने भिंगापुढे पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावायला सांगणे विसंगत आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे की, छायाचित्र रॉमध्येच टिपायचे असेल तर व्हाइट बॅलन्सची (प्रकाशाच्या रंगानुसार छायाचित्राचे रंग जुळवण्याच्या सेटिंगची) काळजी कॅमेऱ्यात कशासाठी करायची.

संपादनाच्या ताकदीबद्दल माझे आपल्याशी दुमत नाही. सावल्या उजळणे, एकूण रंगछटा उबदार किंवा थंड करणे, कॉन्ट्रास्ट (उजळ आणि गडद भागांतला फरक) वाढवणे ही कामे आज इतकी सहज होतात की त्यांसाठी निसर्गापुढे हात जोडण्याची गरज नाही. मतभेद आहे तो पानाच्या रंगाबद्दल. पानावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच्या वरच्या मेणचट थरावरूनच आरशासारखा परततो. तो पानाच्या आत शिरलेलाच नसतो, त्यामुळे त्यात पानाचा रंग नसतो. तो जिथून आला त्या स्रोताचा रंग असतो. निरभ्र आकाशाखाली ही चकाकी निळसर दिसते, तर ढगांखाली पांढुरकी. उरलेला प्रकाश पानाच्या आत जातो, तिथल्या रंगद्रव्यांतून गाळला जातो आणि मग बाहेर पडतो. आपण ज्याला पानाचा रंग म्हणतो तो हा दुसरा भाग आहे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर या दोन्ही भागांची बेरीज नोंदवली जाते, आणि बेरीज एकदा झाली की तिच्यातले किती कोणाचे हे फाइलला ठाऊक नसते. म्हणूनच सॅच्युरेशनची (रंगांच्या तीव्रतेची) पट्टी पुढे सरकवली की पिवळा अधिक पिवळा होतो आणि त्यावर सांडलेली आकाशाची निळसर झाक तितकीच अधिक निळी होते. अनेक छायाचित्रांतली पानगळ भडक असूनही मळलेली का दिसते, याचे मला सापडलेले कारण हेच आहे.

या बेरजेतला चकाकीचा वाटा कमी करण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे उभे राहण्याची जागा बदलणे. सूर्य पानाच्या पलीकडे आणि कॅमेरा अलीकडे असेल तर वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आपल्याकडे येतच नाही. जो येतो तो पानाची सगळी जाडी ओलांडून, रंगद्रव्यांतून गाळून आलेला असतो. पानगळीच्या काळात हा परिणाम हिरव्या पानापेक्षा कितीतरी ठळक दिसतो, कारण दृश्य प्रकाशाचा मोठा हिस्सा शोषून घेणारे हरितद्रव्य तोपर्यंत विघटित झालेले असते. मागे उरलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये मुख्यतः निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा-तांबडा जाऊ देतात, म्हणून मागून उजळलेले पिवळे पान स्वतःच पेटल्यासारखे दिसते. लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये हिरवा प्रकाशही अडवतात, त्यामुळे त्याच प्रकाशात लाल पान बरेच काळवंडलेले दिसते. एकाच फांदीवर दोन्ही रंगांची पाने असतील तर एक्स्पोजर (सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते प्रमाण) कोणासाठी ठरवायचे हा प्रश्न तिथेच उभा राहतो, आणि माझे उत्तर नेहमी पिवळ्या पानांसाठी असे असते, कारण लाल पाने नंतर थोडी उजळता येतात. जळून पांढरी झालेली पिवळी पाने मात्र परत मिळत नाहीत.

(जाता जाता एक गंमत. पिवळे द्रव्य पानात आधीपासूनच असते आणि हिरवा रंग ओसरला की उघडे पडते. लाल द्रव्य मात्र बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होते आणि त्यासाठी पानात साखर आणि पानावर ऊन लागते. त्यामुळे पुष्कळदा उन्हाकडची बाजू लाल आणि सावलीकडची पिवळी असा एकाच झाडाचा दुहेरी चेहरा दिसतो. बॅकलाइटसाठी झाडाच्या सावलीच्या बाजूला उभे राहणाऱ्याला लाल कमी का मिळतो, याचे अर्धे उत्तर यात आहे.)

भर दुपारच्या बॅकलाइटची शिफारस आपल्याला खटकली. उन्हाळ्यातल्या दुपारबद्दल आपला आक्षेप मी बिनतक्रार मान्य केला असता. पण पानगळीचे मोठे प्रदेश समशीतोष्ण पट्ट्यात आहेत आणि तिथे या ऋतूत सूर्य डोक्यावर येतच नाही. ४५ अंश उत्तर अक्षांशावर शरद संपाताच्या दिवशी (सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस-रात्र समान असताना) मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो जेमतेम ३१ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे ऐन बारा वाजताही झाडाची सावली झाडाच्या उंचीच्या दीडपटीहून लांब पडते. इतका तिरपा प्रकाश फांद्यांच्या आडून पानांच्या पाठीवर पडू शकतो आणि तो सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशाइतका तांबूस नसल्यामुळे पानांचे रंग आहेत तसे राहतात.

गोल्डन अवरबद्दलचा माझा संकोच याच शेवटच्या वाक्यातून आलेला आहे. सूर्य क्षितिजालगत असताना त्याच्या प्रकाशाचे रंगतापमान (प्रकाश किती तांबूस वा निळसर आहे याचे माप; आकडा कमी तितका प्रकाश तांबूस) ३००० केल्व्हिनच्या आसपास किंवा त्याहून खाली जाते, तर मध्यान्हीचे ऊन साधारण ५५०० केल्व्हिनचे असते. त्या तांबूस प्रकाशात निळा घटक फार थोडा उरतो आणि पिवळी, नारिंगी, तपकिरी पाने, सुके गवत, इतकेच काय पण झाडांची खोडेही एकाच सोनेरी छटेकडे ओढली जातात. छायाचित्र देखणे होते यात शंका नाही, परंतु पानगळीचे वैशिष्ट्य असलेला शेजारशेजारच्या रंगांमधला फरक त्यात विरतो. डोंगराच्या उतारावरचे अख्खे रान दुरून टिपायचे असेल तेव्हा मी स्वतः गोल्डन अवरच निवडतो, कारण तिथे आडव्या प्रकाशाने प्रत्येक झाडाचा घुमट वेगळा उठून दिसतो आणि उताराला खोली येते. तो गुण प्रकाशाच्या दिशेचा आहे. सोनेरी रंगाला त्याचे श्रेय देणे मला पटत नाही.

ढगाळ दिवसाला आपण निर्जीव म्हटले आहे. या मुद्द्यावर मला जरा हट्टाने बोलावेसे वाटते. अमेरिकेत रंगीत निसर्गछायाचित्रणाला कलेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, त्या एलियट पोर्टर यांच्या कामाचा मोठा भाग अशाच मवाळ, पसरलेल्या प्रकाशातला आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकी निसर्गछायाचित्रकाराने १९५८ मध्ये उत्तर न्यू मेक्सिकोत टिपलेली अस्पेनची झाडे तर डोंगराच्या सावलीत उभी होती. पाने पिवळी असली तरी छायाचित्र कृष्णधवल आहे, आणि तरीही ती पाने काळोखातून उजळून आल्यासारखी दिसतात. मोठी नावे घेतल्याने युक्तिवाद सिद्ध होत नाही हे खरे, पण ‘निर्जीव’ हा शेरा प्रकाशावर मारावा की त्याच्या वापरावर, एवढा प्रश्न तरी त्यांमुळे पडावा.

ढगाळ आकाशाला दिशा नसते ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. पूर्ण झाकोळलेल्या आकाशाचे जे प्रमाणित गणिती रूप प्रकाशयोजनेच्या शास्त्रात वापरतात, त्यात माथ्यावरचे आकाश क्षितिजालगतच्या आकाशाच्या तिप्पट तेजस्वी धरलेले असते. म्हणजे प्रकाश वरून येतो आणि त्याला बाजू असतात. दाट रानाच्या आत तो पानांच्या छतामुळे मंद होतो, रानाच्या कडेला किंवा मोकळ्या जागेलगत तो आडवा आत शिरतो, आणि तिथे उभ्या असलेल्या फांदीला सौम्य का होईना पण उजेडाची आणि अंधाराची बाजू मिळते. ही कड शोधणे हे ढगाळ दिवसाचे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे काम म्हणजे आकाश चौकटीबाहेर ठेवणे. पांढऱ्या आकाशाचा एक तुकडा जरी फांद्यांमधून डोकावला तरी डोळा तिथेच अडकतो आणि पानांचे रंग फिके वाटू लागतात. आणि इथे आपलाच संपादनाचा मुद्दा माझ्या बाजूने येतो: कमी कॉन्ट्रास्टच्या फाइलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवणे सोपे असते, उलट झाडाखाली पसरलेल्या उन्हाच्या कवडशांचे चित्र सावरणे फार अवघड. आजचे चांगले सेन्सर १२ ते १४ स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) उजेड-अंधाराची व्याप्ती पकडतात हे मान्य. पण कवडशांत सूर्याचा प्रकाश असतो आणि शेजारच्या सावलीत निळ्या आकाशाचा, ज्याचे रंगतापमान ७००० केल्व्हिनच्याही वर असते. सावली उजळली की तिचा निळेपणाही उजेडात येतो, आणि एकाच पानाचे दोन तुकडे दोन वेगळ्या झाडांचे वाटू लागतात.

ढगाळ उजेडात लाल पाने मरगळलेली दिसतात, या आपल्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. दाट ढगांखाली किंवा खोल सावलीत लाल पान खरोखरच मंद, जवळजवळ तपकिरी दिसते, कारण ते जो रंग परत पाठवू शकते तोच त्या प्रकाशात तुलनेने कमी असतो. पिवळ्या रानासाठी ढग आणि लाल झाडासाठी ऊन, असा ढोबळ भेद मी मूळ लेखात केला नव्हता. तो आपल्या आक्षेपामुळे इथे नोंदवता आला.

आता पोलरायझर. तो वापरला की प्रकाश नैसर्गिक कसा राहिला, हा आपला प्रश्न चपखल आहे. माझे उत्तर असे की पोलरायझर दृश्यात काही घालत नाही. वर सांगितलेल्या बेरजेतला चकाकीचा आकडा तो कमी करतो, आणि तेही बेरीज होण्यापूर्वी. पानावरून विशिष्ट कोनात परतलेली चकाकी बव्हंशी एका दिशेने ध्रुवित झालेली असते (म्हणजे तिच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात), तर आतून गाळून आलेला रंगीत प्रकाश विखुरलेला असल्यामुळे तसा नसतो; हा फरक त्या क्षणी भिंगापुढे असतो आणि फाइलमध्ये उरत नाही. नंतर करता येणार नाही असे हे एक काम आहे, आणि गंमत अशी की त्याची गरज लख्ख उन्हापेक्षा ढगाळ आणि ओल्या दिवशीच जास्त भासते, कारण तेव्हा अख्खे पांढरे आकाश प्रत्येक पानावर उतरलेले असते. मात्र तो शेवटपर्यंत फिरवून ठेवू नये. चकाकी पूर्ण पुसली की पाने मखमलीच्या कापडासारखी निस्तेज दिसतात आणि पावसानंतरचा ओलेपणा हरवतो. मी परिणाम कमाल होईपर्यंत फिरवतो आणि मग थोडा मागे आणतो. त्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो, म्हणून वाऱ्याच्या दिवशी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा लागतो. हलणारी पाने गोठवायची असतील तर शटर १/२५० सेकंदापेक्षा जास्त वेळ मी सहसा उघडे ठेवत नाही.

पोलरायझर काढून ठेवण्याचेही प्रसंग आहेत. बॅकलाइटमध्ये त्याला फारसे काम उरत नाही आणि काचेचा आणखी एक थर भिंगापुढे आल्याने फ्लेअर (भिंगात प्रकाश विखुरून येणारे डाग आणि धूसरपणा) वाढण्याची भीती असते; तिथे सूर्याला खोडाआड किंवा फांदीआड ठेवणे आणि भिंगावर हाताची सावली धरणे अधिक उपयोगी पडते. सावलीतल्या पाण्यावर समोरच्या उन्हातल्या झाडांचे प्रतिबिंब पडलेले असते तेव्हा तर तो शत्रूच ठरतो. पाणी स्वतः सावलीत असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग काळोखा असतो आणि त्यावर उजळ रंग तरंगतात. पाण्याच्या पातळीपासून सुमारे ३७ अंशांच्या कोनात पाहताना पोलरायझर हे प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण पुसून टाकू शकतो.

शेवटचा प्रश्न व्हाइट बॅलन्सचा. रॉ फाइलमध्ये तो नंतर बदलता येतो, हे आपले म्हणणे अचूक आहे. तरीही तो कॅमेऱ्यात ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर स्थिर ठेवावा असे मी लिहिले, त्याचे कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर आहे. चौकट पिवळ्या-नारिंगी रंगाने भरलेली असली की ऑटो व्हाइट बॅलन्स पुष्कळदा तो रंग प्रकाशाचा समजून त्यात निळा मिसळतो, आणि चौकट थोडी सरकवली की पुन्हा वेगळा अंदाज बांधतो. जागेवर उभे राहून दोन प्रकाशांची तुलना करायची असेल तर मोजपट्टी अशी हलती असून चालत नाही. शिवाय पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजळपणाच्या वाटणीचा आलेख; उजवी कड म्हणजे सर्वांत उजळ) रॉवरून नव्हे तर व्हाइट बॅलन्स लागू केलेल्या जेपीईजीवरून (तयार छायाचित्राच्या फाइलवरून) काढलेला असतो. दिवसाच्या उजेडात बहुतेक कॅमेरे तांबड्या चॅनलला (तांबड्या रंगाच्या नोंदीला) बरेच वाढवून दाखवतात, म्हणून हिस्टोग्रामवर तांबडा उजवीकडे आदळलेला दिसला तरी रॉमध्ये थोडी जागा शिल्लक असू शकते. सूर्यास्ताच्या प्रकाशात ती जागाही आटते. एकूण उजळपणाचा एकच आलेख पाहिला तर यांपैकी काहीच कळत नाही, कारण लाल पानांचा तांबडा चॅनल भरून वाहत असतानाही तो आलेख मध्यावरच रेंगाळत असतो. त्यामुळे तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम सुरू ठेवावा, आणि तांबडा उजव्या कडेला टेकला की एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉपने खाली आणावे. पानाच्या शिरा नाहीशा होऊन सपाट लाल ठिपका उरला, तर तो संपादनातही परत मिळत नाही.