मोडेन पण वाकणार नाही

दर एप्रिलला घोडबंदर रोडवरच्या कुठल्यातरी सोसायटीत इंग्लंडातल्या विलोच्या जिवंत झोपडीचा (झाडाच्या ओल्या काठ्या गोलात रोवायच्या, शेंडे आत वाकवून बांधायचे, की पालवी फुटून झोपडी होते) व्हिडिओ फिरतो आणि मला फोन येतो, "आपल्या बागेत मुलांच्या सुट्टीपुरती होईल ना?" झाड मंडपवाल्याकडून भाड्याने येत नाही, हे सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

तिकडे विलोच्या काठ्या नोव्हेंबर ते मार्च रोवतात, झाड पानं गाळून झोपलेलं असताना. ठाण्यात माणसाला झोप नाही, झाडाला कुठून येणार! आपल्याकडचा विलो म्हणजे ओढ्याकाठचा वाळुंज. त्याची मुळं पाण्याच्या मागावर, आणि सोसायटीत बारमाही पाणी फक्त ड्रेनेजमध्ये. म्हणून मी निरगुडी सुचवतो. लवचीक असते, फांदीवरून लागते आणि शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. गिरिपुष्पही चटकन जगतं, पण जरा जाड झालं की शीर्षकातला बाणा दाखवतं.

आधी बागेखाली काय आहे ते विचारा. पार्किंग असेल तर पहार माती सोडून वॉटरप्रूफिंगमध्ये जाते आणि पुढची मीटिंग तुमच्यावरच होते.

खाली जमीनच असेल तर पहिले दोन-तीन दमदार पाऊस पडू द्या. 6 फूट व्यासाचं वर्तुळ आखा, दारासाठी 2 फूट सोडा, उरलेल्या 17 फुटांत 9-9 इंचांवर काठ्या: साधारण 24. काठी 8 फुटी, अंगठ्याएवढी, त्याच दिवशी तोडलेली. बुंध्याकडे तिरका काप, शेंड्याकडे सरळ. नाहीतर घाईत निम्म्या काठ्या शीर्षासनात जातात, आणि त्या जगत नाहीत. पहारीने फूटभर भोक पाडून काठी आत सोडा. हातोडा मारलात तर साल फाटते, मग कूज. वाकवताना दोन्ही अंगठ्यांनी वीतभर वीतभर मऊ करत जा. सांधे काथ्याने बांधा. बाइंडिंगची तार टिकते खरी, पण खोड जाड झालं की तीच गळफास होते. चार-सहा जादा काठ्या कोपऱ्यात लावून ठेवा. मेलेल्यांच्या जागी बदली म्हणून.

खरा वैताग पुढे. सगळी वाढ शेंड्याला, खाली नुसते बांबूसारखे उघडे पाय. वरचं छाटलं की खालून फूट येते, ती कोवळी असतानाच आडवी विणायची. पण वरचं छाटायला गेलं की कमिटी कळवळते, "आत्ता कुठे छान वाढत होतं!" ऑक्टोबर हीटमध्ये मात्र आठवड्यातून दोनदा पाणी घालायचा विषय काढला की याच कमिटीचा कोरम भरत नाही.

आणि दिवाळीच्या आधी माळीदादांवर नजर ठेवा. चोवीसच्या चोवीस काठ्यांना खालून गेरू आणि वर चुन्याचा पट्टा देण्यासाठी त्यांचा डबा तयार असतो.