मोबाइलवर २.२ आणि बूस्ट मीटरवर १.२ : आपल्या तक्रारीला आमचे उत्तर

आदरणीय सर, नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन जे लिहिले, ते मी रात्री दुकान बंद केल्यावर दोनदा वाचले. आपल्या गाडीत बूस्ट मीटर (टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, किती दाब देतो ते दाखवणारा मीटर) बसवायला दोन तासांचे काम सांगून आपल्याला सकाळी ११ पासून दुपारी साडेचारपर्यंत बसवून ठेवले, ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. गाडी आली तेव्हा इंजिन तापलेले होते, मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात ते निवायलाच दीड तास गेला आणि त्यानंतर सेन्सरचा एक स्क्रू अडकून बसला. मात्र उशीर होणार हे दिसत असताना आपल्याला तसे सांगायला हवे होते आणि ते मी सांगितले नाही.

परंतु आपण पुढे लिहिले आहे की, "मीटर खराब लावला, मोबाइलवर २.२ बार येते आणि मीटर १.२ च दाखवतो, गाडी उभी असताना सुई शून्यावरून हलत नाही, मित्राच्या गाडीत ती शून्याच्या खाली जाते, १,८०० रुपये पाण्यात गेले." हे वाक्य मला लागले. उशिराबद्दल आपण आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या तरी मी मान खाली घालून वाचल्या असत्या, पण फिटिंग चुकीचे झाले हे मला मान्य नाही आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे.

आपल्या गाडीत इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा कंपनीचा जो मॅप सेन्सर आहे, त्याच्याच खाली आम्ही ॲडॉप्टर बसवून मीटरची नळी काढली आहे. म्हणजे मोबाइलला आकडा देणारा सेन्सर आणि आपला मीटर हे दोघेही एकाच जागची हवा मोजत आहेत. फरक आहे तो मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. सेन्सर पूर्ण पोकळीला शून्य धरतो, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या भोवती असलेला वातावरणाचा सुमारे १ बार (बार हे दाब मोजायचे एकक) दाब त्याच्या आकड्यात आधीच मिळवलेला असतो. मीटर वातावरणाच्या दाबालाच शून्य धरतो आणि टर्बोने त्यावर जेवढी भर घातली तेवढीच दाखवतो. २.२ मधून १ वजा केले की १.२ उरतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि ते इतके नेमके जुळले याचा अर्थ नळी कुठेही गळत नाही. पंक्चरच्या दुकानात टायर पूर्ण बसलेले असले तरी हवेच्या मीटरवर शून्यच दिसते. त्या वेळी टायरमध्ये बाहेरच्या इतकी हवा असतेच, पण ती कोणी मोजत नाही. हे तसेच आहे.

याची खात्री आपण घरी करू शकता. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि मोबाइलवर मॅनिफोल्ड प्रेशरची, म्हणजे त्याच सेन्सरच्या दाबाची ओळ पाहा. टर्बो फिरत नसतानाही तिथे ९८-९९ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ १ बार दिसेल आणि त्याच वेळी आपल्या मीटरची सुई शून्यावर असेल.

आता मित्राच्या गाडीविषयी. ती पेट्रोल टर्बो आहे, असे आपणच त्या दिवशी बोलताना सांगितले होते. पेट्रोल इंजिनात आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, हवा आत सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, इंजिन हवा ओढत राहते आणि आत पोकळी तयार होते, म्हणून तिथे सुई उणे ०.६-०.७ बारपर्यंत खाली जाते. आपली गाडी डिझेल आहे. डिझेलमध्ये ताकद कमीजास्त होते ती मुख्यतः डिझेलच्या मात्रेवर, हवा अशी कोंडली जात नाही, त्यामुळे आयडलला सुई शून्याच्या आसपासच राहणार. ब्रेकच्या व्हॅक्यूम लाइनमध्ये नळी जोडली असती, तर आपल्याही गाडीत सुई शून्याखाली गेली असती, कारण डिझेल गाडीत त्या लाइनला वेगळा पंप असतो. परंतु तो आकडा टर्बोचा नसता आणि ब्रेकच्या लाइनला हात लावून मी कोणाच्या जिवाशी खेळणार नाही.

उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबूनही बूस्ट येत नाही, अशी आपली तक्रार आहे. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि इंजिनावर भार असल्याशिवाय तो जोर तयार होत नाही. म्हणूनच मी आपल्याला नशिराबादच्या दिशेने महामार्गावर घेऊन गेलो होतो. तिसऱ्या गियरमध्ये १,८०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तेव्हा सुई ०.४, ०.८ करत १.२ वर जाऊन थांबली आणि पाय काढताच खाली आली. मी तेव्हा बोट दाखवून सांगत होतो, परंतु आपला फोन चालू होता. हे लिहिताना मला संकोच वाटतो, तरीही ते इथे लिहिले नाही तर वाचणाऱ्यांना वाटेल की आम्ही मीटर लावून गाडी तशीच हातात दिली.

पैशांबद्दल एवढेच की मीटर आपण ऑनलाइन मागवून आणला होता. १,८०० रुपयांत ॲडॉप्टर, क्लिपा, मजुरी आणि मीटरसोबत आलेल्या कडक प्लास्टिक नळीऐवजी टाकलेली सिलिकॉन नळी, सगळे आले. ती मूळ नळी टर्बोच्या उष्णतेने काही महिन्यांत तडकली असती. डॅशबोर्डला किंवा बॉडीला एकही नवे भोक पाडलेले नाही.

सर, हे दुकान मी आणि दोन मुले मिळून चालवतो. आता लोक फोन करण्याआधी तारे पाहतात. आपला अभिप्राय आल्यापासून दोन जणांनी "मीटरचे काम तुम्हाला जमते ना?" असे विचारले. इतकी वर्षे डिझेल गाड्यांत हात काळे केल्यावर हा प्रश्न ऐकणे सोपे नाही.

वेळेच्या बाबतीत आम्ही यापुढे अधिक काळजी घेऊ, तसेच मीटर कसा वाचावा याचा एखादा छापील कागद ग्राहकाला देण्याचाही विचार आहे. आपण रविवार सोडून कधीही या, मी पुन्हा आपल्याबरोबर गाडीत बसेन आणि मोबाइल व मीटर शेजारी ठेवून दाखवेन, त्याचे पैसे घेणार नाही. त्यानंतरही शंका राहिली तर मजुरी परत करीन. आपल्या मीटरची पेटी आणि आतले वॉरंटी कार्ड त्या दिवशी आमच्या काउंटरवरच राहिले आहे. ते जपून ठेवले आहे.

आपला,
गॅरेजमालक, जळगाव