आरोपीचं वकीलपत्र घेणं हा गुन्हा नाही

'एक जागरूक सांगलीकर' एवढीच सही असलेला एक मेसेज सध्या फिरतोय. तासगावच्या काकूंनी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या वकीलबाईंनी हे नक्की वाचावं." वकीलबाई म्हणजे माझी ताई. सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात ती फौजदारी वकिली करते. काकू मनाने वाईट नाहीत, पण न तपासलेला मजकूर घरच्याच मुलीच्या तोंडावर फेकला गेल्यावर मला गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: निरपराध माणसाला वकील लागतच नाही. पोलिसांपुढे कबुली दिली की खटल्याची गरज नाही. जामीन म्हणजे 'मॅनेज' केलेली सुटका. फौजदारी वकील फक्त पैसेवाल्यांचे. आणि शेवटी मागणी, की नीच गुन्ह्यातल्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असा ठराव वकील संघटनेने करावा. जो घेईल त्याच्यावर समाजाने बहिष्कार टाकावा.

ही शेवटची मागणी सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तीच घेते. असा ठराव कोईमतूरच्या वकिलांनी करून झाला आहे. पोलिसांशी त्यांचं भांडण झालं, पोलिसांवर खटला उभा राहिला आणि वकिलांनी ठरवलं की या पोलिसांचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. म्हणजे तिथे वकील नाकारले गेले ते पोलिसांनाच! सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१० रोजी, ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात, असे सगळे ठराव रद्दबातल ठरवले. आरोपी अतिरेकी असो, खुनी असो की बलात्कारी, वकील संघटनेला असा ठराव करता येत नाही. तो घटनेविरुद्ध, कायद्याविरुद्ध आणि वकिली पेशाच्या नीतीविरुद्ध आहे आणि सरळ विचाराच्या वकिलांनी तो धुडकावून लावावा, असं न्यायालयाने सांगितलं. यात आता वाद घालायला जागाच नाही.

आणि समजा, जिल्ह्यातल्या एकाही वकिलाने वकीलपत्र घेतलं नाही, तर नुकसान कुणाचं? पीडितेच्या घरच्यांचं. कसाबच्या अपिलात त्याला सुरुवातीला वकील मिळाला नव्हता हा आक्षेप घेतलाच गेला होता. खटल्यात त्याला वकील दिला होता, म्हणून तो आक्षेप टिकला नाही आणि २९ ऑगस्ट २०१२ ला फाशी कायम झाली. आरोपीने स्वतःहून नाकारला नसेल आणि खटला सुरू होताना त्याला वकील दिला नसेल, तर खटलाच बाधित होतो, म्हणजे तो पुन्हा चालवायची वेळ येऊ शकते, हे त्याच निकालात आहे. ठरावाची मागणी करणाऱ्यांना पीडितेला पुन्हा पिंजऱ्यात उभी करायची आहे का?

'निरपराध माणसाला वकील लागत नाही' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने अंकुश मारुती शिंदे प्रकरण वाचावं. आपल्याच महाराष्ट्रातले, भटक्या जमातीतले सहा जण. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांना फाशी सुनावली आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंवरून या सहा जणांना नव्हे, दुसऱ्याच चौघांना गुन्हेगार म्हणून ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश झाला, पण तुरुंगात गेलेली वर्षं कोण देणार? कागदपत्रांतली अशी नोंद शोधणं म्हणजेच वकिली. ताई रात्री दोषारोपपत्र पसरून बसते तेव्हा हेच करते: फिर्यादीची वेळ आणि पंचनाम्याची वेळ जुळते का, मुद्देमालाचं सील शाबूत होतं का, पंच जागेवर होते की ठाण्यातच सह्या झाल्या.

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातला आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ म्हणून तो कायम आहे. ती का चालत नाही, हे तरी सांगलीकराला सांगावं लागू नये. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच शहरात कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या पोलिसांनाही वकिलाचा तेवढाच हक्क आहे, हे मी मनापासून म्हणते.

जामिनाबद्दल फार लिहीत नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला चालूच राहतो. पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो. तिथे चूक असलीच तर तपासाची.

पैशांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने का होईना कबूल करते. नावाजलेल्या वकिलाची फी शेतमजुराला झेपत नाही आणि मुद्दाम तारखा घेऊन समोरच्याला दमवणारे वकीलही आहेत; ताईच त्यांच्यावर चिडलेली असते. पण म्हणून 'गरिबाला वकीलच नाही' हे खोटं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन लावायचा. फिरवायचाच असेल तर हा नंबर फिरवा.