"कंपोनंट बनवू नका, सरळ कॉपी-पेस्ट करा" म्हणणाऱ्यांना उत्तर

एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं, की वेब ॲप्लिकेशनसाठी रियुजेबल कंपोझिट विजेट (अनेक तुकडे जोडून बनलेला, पुन्हा पुन्हा वापरता येणारा स्क्रीनचा भाग) बनवत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. कारणं चार दिलीत: प्रत्येक स्क्रीनची गरज वेगळी असते, असा कंपोनंट (एकदा लिहून कुठेही वापरायचा कोडचा तुकडा) शेवटी चाळीस प्रॉप्सचा (बाहेरून द्यायच्या सेटिंग्जचा) होतो, ॲक्सेसिबिलिटी (अपंगांनाही वापरता येणं) दोन-चार एरिया (ARIA, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला माहिती देणारे) ॲट्रिब्यूट लावले की होते, आणि आता ब्राउझरच सगळं आयतं देतो. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मी मान्य करणार आहे, पण बाकीचं वाचून नवीन मुलं खरंच तसं करायला लागलीत, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. नुसतं बटण हे कंपोझिट विजेट नाही. टाइप करून शोधता येणारा ड्रॉपडाउन घ्या: इनपुट, खालची यादी, उघडायचा बाण, निवडलेलं काढून टाकायचं बटण, लोड होतंय हे दाखवणारा स्पिनर. तुकडे पाच, पण वापरणाऱ्याला ती एकच वस्तू वाटली पाहिजे. डेट रेंज पिकर, टॅब, ट्री, जागच्या जागी एडिट होणारा ग्रिड, सगळे याच जातीतले. अवघड काम तुकड्यांमध्ये नसतंच, ते एकमेकांशी कसं वागतात त्यात असतं, आणि पोस्टमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

"प्रत्येक स्क्रीन वेगळी असते." दिसायला वेगळी असते, डेटा वेगळा असतो, कबूल. पण खालचा बाण दाबला की पुढच्या पर्यायावर जायचं, एस्केप दाबला की यादी मिटायची आणि फोकस (टाइप केलेलं जिथे जातं ती जागा) इनपुटवरच राहायचा, हे कुठल्या स्क्रीनवर वेगळं असतं? माझ्याच एका प्रोजेक्टमधलं सांगतो. कस्टमर शोधायचा ड्रॉपडाउन एकाने लिहिला, बाकीच्यांनी उचलून एकूण नऊ स्क्रीनवर चिकटवला. मग तक्रार आली की माउसने नाव निवडलं तरी कधी कधी ते निवडलंच जात नाही. होत असं होतं की यादीतल्या नावावर माउसचं बटण दाबलं की आधी माउसडाउन येतो, त्याने इनपुटवरचा फोकस जातो, मग ब्लर (फोकस गेल्याची सूचना) येतो, ब्लरच्या हँडलरमध्ये यादी बंद करा असं लिहिलेलं, यादी डॉममधून (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेतून) गायब, आणि बटण सोडल्यावर क्लिक यायला ते नाव जागेवरच नाही. लिहिणाऱ्याने ब्लरमध्ये २०० मिलीसेकंदांचा टाइमआउट टाकून वेळ मारून नेली होती, म्हणजे जो झटकन क्लिक करतो त्याचं चालायचं आणि ज्याच्या हाताला कंप आहे किंवा जो बटण जरा दाबून धरतो त्याचं नाही. खरा उपाय एका ओळीचा आहे, यादीवर माउसडाउनला प्रिव्हेंटडिफॉल्ट करायचं (ब्राउझरची नेहमीची कृती अडवायची), मग फोकस इनपुटवरून हलतच नाही. ती एक ओळ नऊ ठिकाणी टाकायची होती. आम्हाला सहा सापडल्या, कारण बाकीच्या तीन ठिकाणी फंक्शनची नावं बदललेली होती आणि शोधून येईनात, आणि त्या तीन पुढच्या काही महिन्यांत तीन वेगळ्या तक्रारी म्हणून परत आल्या. कॉपी-पेस्टने वेळ वाचतो असं म्हणणाऱ्यांनी हे महिने पण हिशोबात धरा ना.

"चाळीस प्रॉप्स होतात." हा तो अर्धा खरा मुद्दा. शोफुटर, हाइडआयकॉन, आयकॉनराइट, शोफुटरओन्लीव्हेनएम्प्टी असं करत करत वाट लागलेले कंपोनंट मी पण पाहिलेत, आणि पहिल्याच वापरात घाईने कंपोनंट काढू नये हेही खरं, दोन-तीन ठिकाणी खरोखर लागेपर्यंत थांबावं. पण तो दोष बनवायच्या पद्धतीचा आहे, पुन्हा वापरण्याचा नाही. एचटीएमएलकडेच बघा, सिलेक्टच्या आत ऑप्शन असतात, टेबलच्या आत रो आणि सेल, डिटेल्सच्या आत समरी. टेबलला कोणी "तिसऱ्या कॉलमात बटण दाखवा" असा ॲट्रिब्यूट देत नाही, आपण सेलमध्ये बटण ठेवतो. तसंच बाहेरच्या कंपोनंटने उघडं आहे का बंद, कुठला पर्याय चालू आहे, एवढी स्टेट (चालू स्थिती) सांभाळायची आणि कॉन्टेक्स्टमधून (आतल्या सगळ्या तुकड्यांना दिसणाऱ्या सामायिक माहितीतून) आतल्यांना द्यायची, आत काय मांडायचं ते वापरणारा ठरवेल. फुटर हवा तर तो फुटर लिहील, नको तर नाही, प्रॉप लागतच नाही. कस्टम एलिमेंटमध्ये (स्वतः बनवलेल्या एचटीएमएल टॅगमध्ये) हेच काम स्लॉट, म्हणजे आत हवं ते ठेवायच्या मोकळ्या जागा, करतात.

"दोन-चार एरिया ॲट्रिब्यूट लावा." याचा मला मनापासून राग येतो. एरिया ॲट्रिब्यूट फक्त स्क्रीन रीडरला सांगतो की हे अमुक आहे, तसं वागायला शिकवत नाही. डिव्हला (साध्या चौकटीला) लिस्टबॉक्सचा रोल (ही यादी आहे अशी ओळख) दिला म्हणून बाणाच्या की चालू होत नाहीत, त्या तुम्हालाच लिहायच्या. एरियाच्या स्पेसिफिकेशनमध्ये कंपोझिट नावाचा वेगळा गटच आहे, आणि अशा विजेटची रीत अशी, की टॅब कीने आत एकदाच थांबायचं आणि पुढे आतल्या आत बाणांनी फिरायचं. त्यासाठी एकतर टॅबइंडेक्स (टॅब कीने तिथे थांबायचं का ते ठरवणारा ॲट्रिब्यूट) शून्य आणि उणे एक असा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हलवत न्यायचा, नाहीतर फोकस एकाच जागी ठेवून ॲक्टिव्हडिसेंडंट या एरिया ॲट्रिब्यूटमधून चालू पर्यायाचा आयडी सांगायचा. शोधायच्या ड्रॉपडाउनला दुसराच मार्ग सोयीचा, कारण माणूस अजून टाइप करतोय, फोकस इनपुटवरून काढला तर अक्षरं कुठे जाणार? आणि याच ड्रॉपडाउनची, म्हणजे कॉम्बोबॉक्सची, रचना स्पेसिफिकेशनमध्येच बदलत गेलीय. २०१४ च्या १.० आवृत्तीमध्ये रोल इनपुटवर होता, २०१७ च्या १.१ मध्ये तो बाहेरच्या वेष्टणावर नेला, आणि २०२३ च्या १.२ मध्ये परत इनपुटवर आणला. एक कंपोनंट असेल तर हा बदल एका फाइलमध्ये होतो. नऊ कॉप्या असतील तर कोण करणार, कोणी करत नाही.

जपानी किंवा चिनी टाइप करणाऱ्यांचं तर कोणी लक्षातच घेत नाही. तिथे एंटर दाबून आधी अक्षरं पक्की करतात, आणि आपला ड्रॉपडाउन तोच एंटर धरून भलताच पर्याय निवडून मोकळा होतो. इझकंपोझिंग (अक्षरं अजून पक्की व्हायचीत का हे सांगणारी खूण) तपासलं की बरंचसं काम होतं, पण सफारीमध्ये त्या एंटरला ते फॉल्स येतं म्हणून कीकोड २२९ (अशा टायपिंगवेळी येणारा कीचा क्रमांक) पण बघावा लागतो. ही माहिती एकदा एका जागी लिहून ठेवायची असते.

"ब्राउझरच सगळं देतो." देतो त्यातलं जरूर वापरा, मी पण वापरतो. डायलॉग एलिमेंट मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, पॉपओव्हर (पानावर तरंगणारा भाग) पण आता सगळीकडे आलाय, त्यामुळे झेड-इंडेक्सची (कुठला भाग वर दिसावा याची) मारामारी बरीच संपली. पण या विटा आहेत. डेटालिस्टमधली (ब्राउझरच्या तयार सुचवण्यांची) यादी हवी तशी दाखवता येत नाही आणि यादीत नसलेलंही माणूस टाइप करू शकतो. दोन डेट इनपुट शेजारी ठेवले तर शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची नको हे तुम्हालाच बांधावं लागतं.

पोस्टमध्ये नमुना म्हणून तीस ओळींचा ड्रॉपडाउन दिलाय. मी तो एका डायलॉगमध्ये दोनदा चिकटवला आणि माउस बाजूला ठेवला. टॅब करत गेलो तर प्रत्येक पर्यायावर थांबत होता, बाण दाबला तर यादीऐवजी मागचा मजकूर सरकला, दोघांच्या यादीचे आयडी तेच असल्यामुळे दुसऱ्याचं नाव स्क्रीन रीडर पहिल्याच्या यादीतून वाचत होता. शेवटी यादी मिटवायला एस्केप दाबला, तर भरलेल्या फॉर्मसकट अख्खा डायलॉग बंद झाला.